लांबच्या प्रवासाला अंगाला मानवणारी मोटरसायकल : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, गाडी घ्यायची म्हटलं की चर्चा सुरू होते ती सीसी, ॲव्हरेज आणि किमतीवर. शोरूममध्ये पाच मिनिटं बसलं की कुठलीही गाडी आवडते. खरी परीक्षा तिसऱ्या तासाला असते. पुण्याहून भल्या पहाटे निघून साताऱ्याला चहा घेईपर्यंत सगळं छान चाललेलं असतं. कऱ्हाड आलं की कुणाची मान धरते, कुणाच्या बोटांना मुंग्या येतात, कुणाचं माकडहाड ठणकायला लागतं.

माझं मत आधीच सांगतो. अमुक गाडी आरामदायी आणि तमुक नाही, असं सरसकट काही नसतं. उंची, वय, जुनी दुखणी, नेहमीचा रस्ता, मागे कोण बसणार आणि आपण कुठल्या वेगाने जातो, या सगळ्याशी जी जुळते ती आपली. म्हणून लिहिताना वय-उंची आणि रस्ते आधी सांगा. नुसतं ‘ही गाडी भारी’ वाचून कुणाचाच निर्णय होत नाही. आणि एक लक्षात ठेवा: मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग काय किंवा समृद्धी महामार्ग काय, दोन्हीकडे दुचाकीला बंदी आहे. आपल्या वाट्याला येतात ते गावागावांतून जाणारे, गतिरोधकांचे रस्ते. त्या हिशेबाने लिहा.

कोल्हापूर. वय ५२, उंची ५ फूट ६. घाटरस्ते, कोकण.

माझ्या कमरेच्या एल-४ आणि एल-५ मणक्यांत गॅप आहे. डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितली नाही, पण धक्का थेट मणक्याला बसेल असं बसायचं नाही, हे बजावलं. मी गाडी निवडली ती या एका वाक्यावर.

सगळ्यांचा सल्ला एकच होता, क्रूझर घ्या, पाय पुढे सोडून निवांत बसता येईल. एका मित्राची क्रूझर काही दिवस मागून घेतली. सपाट हायवेला झकास वाटलं. आजऱ्याकडे वळल्यावर मात्र फरक कळला. पाय पुढे असले की अंगाचं सगळं वजन बुडावर आणि माकडहाडावर येतं. खड्डा समोर दिसत असतो, पण उठता येत नाही; पाय पुढे ठेवून बूड उचलायचं तर सगळा भार हँडल ओढून धरण्यावर येतो. तरुण, निरोगी कमरेला चालून जात असेल. माझ्या कमरेला नाही.

मग फूटरेस्ट बरोबर बुडाखाली येतील अशाच गाड्या पाहिल्या. गतिरोधक आला की गुडघे टाकीला चिकटवायचे, पायांवर भार द्यायचा आणि सीटवरून बोटभर उठायचं. पुरतं उभं राहायची गरज नाही. तेवढ्याने धक्का मांड्या आणि पोटऱ्या झेलतात, मणका सुटतो. अगदी ताठ बसणंही मला मानवत नाही, कारण ताठ बसलं की खालचा धक्का सरळ वर मानेपर्यंत जातो. किंचित पुढे झुकलेलं अंग, थोडी वाकलेली कोपरं, आणि हातांवर भार जवळजवळ नाही, हे माझं बसणं ठरलं. होंडाच्या हायनेस सीबी ३५० वर ते जुळलं. सीट ८०० मिलिमीटर, दोन्ही पाय जमिनीला टेकतात. वजन १८१ किलो, म्हणजे पार्किंगमध्ये ढकलताना कंबर भरत नाही.

घ्यायच्या आधी ती भाड्याने घेऊन आंबोलीमार्गे सावंतवाडीला जाऊन परत आलो. मणक्याचा त्रास असलेल्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे: दोन दिवसांचं भाडं द्या, आपल्याच रस्त्यावर चालवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना कंबर काय म्हणते ते पाहा. कुठल्याही जाहिरातीपेक्षा ते उत्तर खरं.

नाशिक. वय ३४, उंची ५ फूट १. सापुतारा, त्र्यंबक, गुजरात.

माझ्यासाठी आराम म्हणजे आधी धास्ती नसणं. सिग्नलला चवड्यांवर तोल सांभाळत उभं राहिलं की खांदे आपोआप आवळले जातात, आणि तसेच दिवसभर राहिले की संध्याकाळी मान हलत नाही. दोन्ही तळपाय पुरते टेकतात ती गाडी मला थकवत नाही.

रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५० घेतली. सीटची उंची ७६५ मिलिमीटर. नुसत्या आकड्यावर मात्र जाऊ नका, सीट पुढच्या बाजूला किती रुंद आहे तेही बघा. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पाय तेवढे वर उचलले जातात. कागदावर उंच असलेली पण पुढे निमुळती सीट कधीकधी जास्त सोपी पडते. वर काकांनी पुढे असलेल्या फूटरेस्टबद्दल लिहिलंय ते अगदी बरोबर, मीटिऑरचेही पुढेच आहेत. माझं वजन कमी आणि कंबर ठीक, म्हणून मला चालतं. खराब पट्ट्यात वेग निम्मा करते.

वजन १९१ किलो आहे, त्यामुळे एक शिस्त अंगी बाणवली आहे: उताराकडे तोंड करून गाडी कधीच लावायची नाही. ढाब्याच्या उतरत्या आवारात पुढचं चाक खाली गेलं की मागे ओढायला माणसं बोलवावी लागतात. बायकांसाठी आणखी एक. स्वच्छ स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी ठरवून निघा. ते माहीत नसलं की आपण पाणी प्यायचं टाळतो, आणि दुपारपर्यंत डोकं दुखायला लागतं. तो थकवा गाडीचा नसतो, पण दोष गाडीला मिळतो.

ठाणे. वय ४९. मी चालवत नाही, मागे बसते.

गाडी घेताना मागे बसणाऱ्याला कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. आमच्या आधीच्या गाडीची मागची सीट पुढच्यापेक्षा बरीच वर होती. दिसायला छान. पण घाट उतरताना यांनी ब्रेक लावला की मी घसरत यांच्या पाठीवर जायचे. सगळा उतार मी हातांनी स्वतःला मागे ढकलत काढायचे, आणि यांच्या मनगटांवर माझंही वजन. खाली पोहोचेपर्यंत दोघांचेही हात भरून यायचे.

दुसरी गाडी बघायला मीच पुढाकार घेतला. शोरूममध्ये यांना बसवलं, मागे मी बसले आणि बसूनच राहिले. विक्रेता दोनदा विचारून गेला. मागचे फूटरेस्ट किती वर आहेत ते मी बघत होते. गुडघे नव्वद अंशांपेक्षा जास्त दुमडले तर तासाभरात नसा आखडतात. हात मागे नेऊन कडी नीट पकडता येते का, पायाशी सायलेन्सरची धग लागेल का, मांडीखाली सीट पुरेशी लांब आहे का, हे सगळं पाहिलं. जुनी हिमालयन, ४११ वाली, पसंत पडली. मागच्या शॉकअपला वर-खाली व्हायला १८० मिलिमीटरचा वाव आहे, आणि मुंबई–गोवा महामार्गाचं काम ज्यांनी मागे बसून सोसलंय त्यांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

मागे टॉप बॉक्स लावला आणि त्याला पाठीची गादी. पाठ टेकायला मिळाली की भीती जाते आणि डोळे बाहेर बघायला मोकळे होतात. पण बॉक्स आणि बाजूच्या बॅगा लागल्यावर पाय टाकून चढायचं कसं, हे घरीच करून बघा. मी डावा पाय फूटरेस्टवर ठेवते, यांच्या खांद्यावर हात देऊन उभी राहते, मग उजवा पाय गुडघ्यात वाकवून सीटवरून पलीकडे नेते. त्या वेळी यांचे दोन्ही पाय जमिनीवर आणि पुढचा ब्रेक दाबलेला हवा. साडी नेसून हे जमत नाही, सलवार किंवा पँटच.

नागपूर. वय ३८, उंची ६ फूट २. पेंच, जबलपूर, हैदराबाद.

उंच माणसाचं दुखणं उलटं. बहुतेक गाड्यांवर गुडघे इतके दुमडतात की दीड तासात उतरावंच लागतं. सीट आणि फूटरेस्टमधलं अंतर मोजा, जमिनीपासूनच्या उंचीपेक्षा आम्हाला ते महत्त्वाचं. हिमालयन ४५० ची सीट ८२५ आणि ८४५ अशा दोन उंचींवर बसते, मी ती वरच ठेवली आहे.

मला सगळ्यात जास्त छळलं ते वाऱ्याने. काच नसेल तर वारा छातीवर सारखा लागतो, त्याची सवय होते. पण बुटकी काच असली की तिच्या वरून सुटलेला वारा भोवरा होऊन नेमका हेल्मेटच्या काठावर आदळतो, आणि नव्वदच्या पुढे डोकं गदागदा हलतं. मान धरते, नजर अंधुक होते, आणि माणूस चष्म्याला दोष देत राहतो. चालत्या गाडीवर जरा वाकून बघा. मान खाली घेताच आवाज आणि हलणं थांबलं तर काच कमी पडतेय. वरून जोडायची छोटी पट्टी मिळते, तिचा कोन बदलत बदलत मी माझी जागा शोधली. आणि कानात इअरप्लग घालाच. वाऱ्याच्या आवाजानेच निम्मा थकवा येतो, हे घातल्याशिवाय पटत नाही.

पिंपरी-चिंचवड. वय ४१, उंची ५ फूट ९. वाहन उद्योगात आहे.

व्हायब्रेशनबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होताना जो हादरा तयार होतो तो बॅलन्सर शाफ्ट कमी करतो. रॉयल एनफिल्डच्या जुन्या ३५० आणि २०२० च्या मीटिऑरपासून आलेल्या नव्या इंजिनात जो फरक जाणवतो, त्याचं एक मुख्य कारण हे. तरीही प्रत्येक गाडीचा एक खुशीचा वेग असतो. ३५० ची गाडी ८०–८५ ला गुणगुणते. तिला सतत ११० ला दामटलं तर हादरे तुमच्या मनगटात उतरणारच. तुम्हाला ११० नेच जायचं असेल तर ४०० किंवा दोन सिलिंडरची ६५० घ्या. तिथे इंजिनाला ओढून न्यावं लागत नाही.

चाचणी घेताना तुमच्या नेहमीच्या वेगावर सलग वीस मिनिटं चालवा आणि उतरून मुठी उघडझाप करा. करंगळी किंवा अंगठ्याजवळची बोटं बधिर वाटली तर ती गाडी दिवसभर चालवू नका. आरशात मागची गाडी एक दिसते की दोन, हेही बघा.

मऊ सीटवर भुलू नका. बसताक्षणी रुतणारा फोम तासाभरात खालच्या पत्र्यापर्यंत दबतो. जरा कडक, रुंद सीट लांबच्या प्रवासाला उत्तम. आणि नवी गाडी घ्यायच्या आधी आहे तीच नीट लावून पाहा: मागच्या शॉकअपचं प्रीलोड, म्हणजे त्याची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते. तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन त्याच्या एकूण वावाच्या साधारण एक तृतीयांश खाली बसायला हवं. डबलसीट आणि सामान असेल तर वाढवायचं, एकटे असाल तर कमी करायचं. सोबत टायरमधली हवा, कंपनीच्या स्टिकरवर डबलसीटचा आकडा वेगळा दिलेला असतो तो वाचा. माझ्याकडे ‘गाडी आदळते’ म्हणून आलेल्या कितीतरी मित्रांचं काम एवढ्यावर भागलं.

सातारा. वय २९, उंची ५ फूट ७. लडाख, स्पिती.

लडाखसाठी मोठी गाडीच हवी असं सगळे म्हणत होते. मी हिरोची एक्सपल्स २०० नेली आणि पुन्हा तीच नेईन. मनाली–लेह रस्त्यावर दुपारी बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढतं, खाली गोल दगड असतात. तिथे गाडी कलली तर एकट्याने उभी करता यायला हवी. विरळ हवेत धाप लागलेली असताना २०० किलो उचलणं आणि दीडशेच्या आसपास उचलणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ५००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच उरते, तिथे मोठ्या इंजिनाचीही ताकद गळते. माझी सावकाश चढली, पण चढली.

हायवेला मात्र ती लहान पडते, हेही खरं. म्हणून सातारा ते दिल्ली गाडी रेल्वेने पाठवली. मनाली–लेह रस्त्यावरच्या टांडी गावातल्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी पाटी वर्षानुवर्षं होती. १३ लिटरची टाकी फुल करून वर पाच लिटरचा कॅन बांधला आणि निर्धास्त झालो.

म्युनिक. वय ४५, उंची ५ फूट १०.

इकडे थंडी हाच मोठा थकवा. बीएमडब्ल्यू आर १२५० आरटीची काच बटणाने वर-खाली होते आणि मुठी गरम होतात. इटलीतल्या स्टेल्व्हिओ घाटाच्या ४८ वळणांनंतर २७५७ मीटरवर पोहोचलो तेव्हा बोटं नीट हलत होती, ती त्या मुठींमुळे. महाराष्ट्रात ही गाडी घ्या असं मी कुणाला सांगणार नाही. पण हिवाळ्यात महाबळेश्वर किंवा हिमाचल करणाऱ्यांनी हातमोज्यांवर पैसे जरूर खर्च करावेत.

लातूर. वय ५७, उंची ५ फूट ५. पंढरपूर, हंपी, विजापूर.

माझ्याकडे १२५ ची गाडी आहे आणि मी तिच्यावरच लांब जातो. वर मोठमोठ्या गाड्यांचं वाचून कुणी खट्टू होऊ नये म्हणून लिहितो. पंचावन्न-साठच्या वेगात वारा छळत नाही, हादरे कमी, आणि गाव दिसतं, पिकं दिसतात. सोयाबीन कुठे पिवळं पडलंय ते मला गाडीवरून कळतं.

खर्च केला तो फक्त सीटवर. गावातल्या सीट शिवणाऱ्याकडे बसून जुना फोम काढायला लावला, खाली कडक आणि वर पातळ मऊ असा दुहेरी घालून घेतला, पुढचा उतार काढून सीट सपाट केली. रेक्झीन खरखरीत घेतलं, गुळगुळीत घेतलं की ब्रेकला पुढे सरकतो. मधली आडवी शिलाई बसायच्या जागी येणार नाही असं त्याला आधी खडूने आखून दिलं, कारण शिलाईचा वळ दोन तासांनी रुततो आणि पावसात तिथूनच पाणी आत जातं. सीटचं माप द्यायचं असेल तर रोजच्या पँटवर बसा, जाड जीन्सवर नको, आणि मालकीणबाईंना सोबत न्या. मागचं माप त्यांचं.