घरचा जुना पीसी चालू व्हायला पंधरा मिनिटं घेतोय, नवीनच घ्यावा लागेल का?

मखमलाबाद_मळा

नमस्कार मंडळी. घरी २०१३ च्या दिवाळीत जुळवून घेतलेला पीसी आहे, आय थ्री ३२२० प्रोसेसर, एच ६१ चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. आधी विंडोज ७ होतं, २०१६ ला फुकट मिळत होतं तेव्हा १० टाकलं. पहिली पाच-सहा वर्षं एकदम मस्त चालला, मग हळूहळू जड होत गेला आणि या वर्षी तर हद्द झाली. सकाळी बटण दाबून मी अंघोळ करून येतो तरी ते गोल चक्र फिरतच असतं. डेस्कटॉप दिसला तरी अजून पाच-सात मिनिटं कशाला हात लावायचा नाही, लावला की सगळं गोठतं.

आता खरी अडचण सांगतो. वडिलांच्या द्राक्षबागेच्या सगळ्या फवारणीच्या नोंदी याच पीसीवर एक्सेलमध्ये आहेत, कोणत्या तारखेला कोणतं औषध, किती लिटर पाण्यात, पुढे काढणीपर्यंत किती दिवस गेले, सगळं. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत. शिवाय ग्रेपनेटच्या (निर्यातीच्या द्राक्षबागांच्या ऑनलाइन) नोंदणीची कागदं, माती-पाण्याचे रिपोर्ट, जुन्या पावत्या स्कॅन केलेल्या. सध्या माल काढणीला आलाय, एक्स्पोर्टवाले नोंदी मागतात आणि वडील चष्मा लावून तासभर बसतात तेव्हा कुठे चार ओळी भरून होतात. त्यांचा जीव नुसता टांगणीला लागतो ते बघवत नाही.

मी टेम्प फाईल उडवल्या, डिस्क क्लीनअप केलं, अँटीव्हायरसचं फुल स्कॅन रात्रभर चालू ठेवलं, काही सापडलं नाही. एका दुकानात दाखवला तर त्याने कॅबिनेट न उघडताच सांगितलं की मदरबोर्ड संपला, नवीन सेट घ्या, तीस हजारापर्यंत जाईल. खरंच तसं आहे का? आणि हो, चार-पाच दिवसांपासून आतून मधूनच टक्‌ टक्‌ असा बारीक आवाज येतो.

सिडको_बॉय

भाऊ फॉरमॅट मार, दुसरं काही नाही. मी तर दर सहा महिन्यांनी विंडोज फॉरमॅट मारतो, कचरा साठतो. मी दोन तासात करतो घरच्या घरी.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

थांब रे भाऊ, फॉरमॅट लगेच नको. त्याने टक्‌ टक्‌ आवाज लिहिलाय तो वाचला का तू?

मखमलाबाद भाऊ, मदरबोर्ड गेला असता तर पीसी चालूच झाला नसता किंवा मधेच बंद पडला असता, पंधरा मिनिटांनी का होईना व्यवस्थित चालू होतोय म्हणजे बोर्ड बिचारा ठीक असणार. पैसे घालायच्या आधी नक्की कुठे अडतंय ते बघू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाब, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्सच्या टॅबमध्ये जा आणि सीपीयू, मेमरी, डिस्क तिन्हीचे आकडे इथे लिही. डिस्कवर क्लिक केलं की खाली ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम दिसतो, मला तो आकडा पाहिजे. पीसी चालू करून वीस मिनिटं होऊ दे, काहीही उघडू नको, मग बघ.

तिथेच स्टार्टअपच्या टॅबमध्ये कोण कोण आपोआप चालू होतं तेही बघून घे. प्रिंटरचं, जुन्या मोबाईलचं, व्हिडिओ कॉलचं, जे रोज लागत नाही ते डिसेबल कर. अँटीव्हायरस दोन असतील तर एक काढ, दोघं एकमेकांच्या फाईली तपासत बसतात. यातला कुठलाच उपाय पंधरा मिनिटांचं दुखणं बरं करणार नाही पण थोडा तरी फरक पडेल.

मखमलाबाद_मळा

बघितलं दादा. काहीच उघडलेलं नसताना सीपीयू ६ टक्के, मेमरी ६३ टक्के, डिस्क १०० टक्के. आणि डिस्कचा स्पीड बघितला तर सेकंदाला फक्त १.२ एमबी. ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम खालीवर होतोय पण मी बघितलं तेव्हा २१४० एमएस (मिलिसेकंद) होता, एकदा तर ४ हजाराच्या पुढे गेला. हे जास्त आहे का?

सातपूर_सेकंड_शिफ्ट

खूप जास्त आहे. चांगली फिरणारी हार्ड डिस्क साधारण १०-२० एमएसमध्ये उत्तर देते. तुझी दोन सेकंद घेतेय, आणि तेही काही काम नसताना. १०० टक्के बिझी आणि हातात काय तर १.२ एमबी, म्हणजे डिस्क एकच जागा परत परत वाचायचा प्रयत्न करतेय आणि तिला ती वाचता येत नाहीये. विंडोज तिची वाट बघत थांबतं म्हणून तुला सगळं गोठल्यासारखं दिसतं.

क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालव. वर हेल्थ स्टेटस दिसेल. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे कॉशन, लाल म्हणजे गेली. यादीत ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघ. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे बारीक कप्पे), सी५ म्हणजे वाचता न येणारे, अडकून पडलेले, सी६ म्हणजे दुरुस्तच न होणारे. कॉशन आलं तर चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणं) नाही, डीफ्रॅग (फाईली परत रचणं) नाही, फॉरमॅट तर अजिबात नाही.

देवळाली_कॅम्पची_ताई

दादा, मी टेक्निकल नाही पण राहवलं नाही म्हणून लिहितेय. आकडे वगैरे नंतर बघा, आधी वडिलांच्या फाईली कॉपी करा. आज, आत्ता.

आमच्याकडे २०१९ ला अगदी असंच झालं होतं, पीसी हळू झाला, आम्ही दोन महिने चालढकल केली, मग मिस्टरांनी तो एका दुकानात दिला, त्याने न विचारता फॉरमॅट मारून परत दिला आणि म्हणाला बघा ताई आता पळतोय. डी ड्राइव्हपण रिकामा. मुलीच्या बारशाचे फोटो, सासूबाईंचा शेवटचा वाढदिवस, सगळं त्यात होतं. सासूबाईंचा नऊवारीतला एक फोटो होता, खिडकीजवळ बसून मुलीला मांडीवर घेतलेला, तो मी अजून शोधते. रिकव्हरीवाल्याने चार-पाचशे फोटो काढून दिले पण त्यातले निम्मेच उघडतात, बाकीचे करडे पडलेत. आठवड्यानं ती डिस्क चालूच झाली नाही. पीसी आज ना उद्या घेता येतो हो, ते नाही परत येत.

मखमलाबाद_मळा

ताई वाचून पोटात गोळा आला. चालवलं ते सॉफ्टवेअर, पिवळं आलं, कॉशन. सी५ समोर शेवटी ३० दिसतंय. ०५ पण शून्य नाही. आता कॉपी कशी करू? एक १ टीबीची बाहेरची डिस्क आहे भावाची आणि ३२ जीबीचा पेनड्राइव्ह.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

ते ३० हेक्समध्ये (सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत) असतं म्हणजे आपले ४८. आकडा किती त्यापेक्षा शून्य नाही हे महत्त्वाचं, आणि टक्‌ टक्‌ चालू आहे म्हणजे हातात किती दिवस आहेत कोणी सांगू शकत नाही.

आता शांतपणे कर. कॉपीच करायचं, कट करायचं नाही, अर्ध्यात अडकलं तर कटमध्ये घोळ होतो. सगळ्यात आधी वडिलांचं एक्सेलचं फोल्डर पेनड्राइव्हवर घे, ते काही एमबीचंच असेल, आणि तेच गूगल ड्राइव्हवरपण टाक, १५ जीबीपर्यंत फुकट आहे. मग स्कॅन केलेले कागद. मग फोटो, पण सगळे एकदम ओढू नको, एकेका वर्षाचं फोल्डर घे. एखाद्या फाईलवर अडकलं तर स्किप करून पुढे जा, त्याच फाईलवर दहादा प्रयत्न केलास तर डिस्क तिथेच झिजेल आणि पुढचं चांगलंपण हातचं जाईल. आणि काम संपेपर्यंत पीसी बंद करू नको, अशा डिस्क कधीकधी एकदा थांबल्या की परत फिरत नाहीत. लाईटचं काय तुमच्याकडे? यूपीएस आहे ना?

मखमलाबाद_मळा

यूपीएस आहे पण लाईट गेली की दोन मिनिटात शिट्टी मारून बंद. तरी रात्री अकरानंतर बसलो, तेव्हा लाईट सहसा जात नाही. वडीलपण शेजारी खुर्ची टाकून बसले होते, प्रत्येक फोल्डर झालं की विचारायचे, आलं का? एक्सेल सगळं आलं. फोटो पहाटे साडेतीनला संपले, २०१८ च्या फोल्डरमधले ११ फोटो नाही आले, बाकी सगळे आले. ताई तुमचे खरंच आभार, मी रविवारपर्यंत थांबणार होतो.

एक शंका आहे. वडिलांच्या २०१७ पर्यंतच्या फाईली जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. भावाच्या लॅपटॉपवर उघडून बघितल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता गोंधळ दिसतोय. फाईली खराब झाल्या का?

गंगापूर_रोडचे_काका

फाईली चांगल्या आहेत, काळजी नको. ते युनिकोडच्या (आताच्या सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगच्या) आधीचे फॉन्ट, त्यात इंग्रजी अक्षराच्या जागीच मराठी आकार बसवलेला असतो. तोच फॉन्ट समोरच्या मशीनवर नसला की मूळ इंग्रजी अक्षरं दिसतात. जुन्या डिस्कवर सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, त्यात फॉन्ट्स असं फोल्डर आहे, त्यातून तो फॉन्ट कॉपी करून ठेव, डिस्क चालू आहे तोवरच. नवीन विंडोजमध्ये तो इन्स्टॉल केला की सगळं जसंच्या तसं दिसेल. फुरसतीत युनिकोडमध्ये बदलून घे, कन्व्हर्टर मिळतात, पण औषधांची नावं आणि आकडे नंतर डोळ्याखालून घाल, जोडाक्षरं हमखास चुकतात.

आता पुढचं. मी हे काम बरीच वर्षं केलं आहे म्हणून सांगतो, तुला नवीन सेटची गरज नाही. अडीच इंची साटा (तुझी आताची डिस्क जोडलेली असते तीच जोडणी) एसएसडी घे, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क, २५६ जीबीपण पुरेल, पण फोटो बरेच आहेत तर ५१२ बघ. तुझ्या एच ६१ बोर्डावर साटाचे पोर्ट ३ जीबीपीएसचे आहेत त्यामुळे डब्यावर लिहिलेला सेकंदाला ५५० एमबीचा स्पीड मिळणार नाही, साधारण त्याच्या निम्मा मिळेल, त्याने काही बिघडत नाही. विंडोज चालू होताना हजारो बारक्या बारक्या फाईली वाचतं, हार्ड डिस्कला प्रत्येकीसाठी सुई हलवावी लागते, एसएसडीला हलवायला काही नाहीच. फरक तिथे पडतो.

रॅम ४ ची ८ कर. बोर्डावर दोनच स्लॉट असतात, एक रिकामा असेल. डीडीआर ३ मागायची, ४ नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते, बसत नाही आणि जोर लावला तर स्लॉट जातो. नवी मिळायला त्रास होईल, जुनी काढलेली चालते पण दुकानातच लावून बघून घे.

जुन्या डिस्कची कॉपी एसएसडीवर मारायच्या भानगडीत पडू नकोस, खराब सेक्टरवर क्लोनिंग अडकतं आणि जुना बिघाडपण सोबत येतो. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज १० घेऊन कोरं टाक. टाकताना जुन्या डिस्कची वायर काढून ठेव, नाहीतर बूटच्या फाईली जुन्या डिस्कवर जाऊन बसतात आणि ती काढली की पीसी उठत नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआय आहे ना बघ. विंडोजची लायसन्स की मागेल तिथे 'माझ्याकडे की नाही' निवडून पुढे जा, तोच बोर्ड असल्यामुळे नेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होईल.

आणि कॅबिनेट उघडलंच आहेस तर वायर काढून, गॅलरीत नेऊन ब्लोअर मार. पंखा बोटाने धरून ठेव, हवेने गरागरा फिरू देऊ नको. प्रोसेसर आणि पंख्याच्या मधली उष्णता ओढणारी बारा वर्षांची पेस्ट वाळून खडू झाली असेल, ती पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवीन लाव. एप्रिल-मेच्या उन्हात फरक कळेल.

सिडको_बॉय

काका विंडोज ११ का नाही? १० चा सपोर्ट तर बंद झाला ना.

गंगापूर_रोडचे_काका

झाला, १४ ऑक्टोबर २०२५ ला. पण ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची चिप) लागतं, ३२२० तिसऱ्या पिढीचा आहे. जुगाड करून टाकता येतं पण वडिलांच्या रोजच्या कामाच्या मशीनवर मी नाही टाकणार. १० वर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून वाढीव सिक्युरिटी अपडेटला नाव नोंदवता येतं, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. सीझन निघून जाईल, मग निवांत ठरवा.

आडगाव_नाका

सीझन झाल्यावर विंडोजऐवजी चालणाऱ्या, फुकट मिळणाऱ्या लिनक्स मिंटचं एक्सएफसीई (त्याची हलकी आवृत्ती) बघा. माझ्या २०११ च्या मशीनवर चालतंय, ४ जीबी रॅमवर. लिब्रे ऑफिसमध्ये एक्सेलच्या फाईली उघडतात, वडिलांना आठवडाभरात सवय होईल. फक्त जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर असेल तर ते त्यात चालेलच असं नाही, ते आधी तपासा.

मखमलाबाद_मळा

कळवायचं राहिलं होतं. रविवारी बसलो. एसएसडी आणि जुनी ४ जीबी रॅम मिळून नवीन सेटच्या पाव भागाएवढापण खर्च नाही आला. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा असा नमदा बसला होता की बोटाने सोलून काढला, अख्खा गोल निघाला हातात. पेस्ट काका म्हणाले तशी खडूच झाली होती.

विंडोज टाकायला पाऊण तास गेला. चालू व्हायला आता २६ सेकंद, मोबाईल लावून मोजले. वडिलांनी सवयीने बटण दाबलं आणि चहा घ्यायला उठले, परत आले तर स्क्रीन तयार. त्यांनी मला हाक मारली, अरे हे बंद का नाही झालं म्हणून. मग बसून गुरुवारपासून वहीत लिहून ठेवलेल्या नोंदी एका दमात भरल्या, जुना फॉन्टपण व्यवस्थित दिसतोय. जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून, तारीख टाकून कपाटात ठेवलीय, ते ११ फोटो कधी काढता आले तर बघू.

आता तो यूपीएस तेवढा राहिला. नवीन घेऊ की बॅटरी बदलून भागेल?

सातपूर_सेकंड_शिफ्ट

वा, छान झालं. ६०० व्हीएचा असेल तर बहुतेक आत १२ व्होल्ट ७ एएचची एकच बॅटरी असते, ती बदल, यूपीएस तोच राहू दे. बटण बंद, पिन काढलेली, मग चार स्क्रू. लाल वायर प्लसला, काळी मायनसला, काढायच्या आधी मोबाईलवर एक फोटो काढून ठेव. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नको, दुकानात परत दे, थोडे पैसेपण कमी करतात.