आजीचं खरं वय कसं काढायचं? आधारवर 1950, थोरला काका 1952चा!

तीनटाकीकर (कोपरखैरणे)

नमस्कार मंडळी. प्रश्न विचित्र आहे, हसलात तरी चालेल. घरी आम्हीही हसतोच.

आजी (वडिलांची आई) सध्या आमच्याकडे कोपरखैरण्याला आहे. गाव खटाव तालुक्यात. तिच्या आधारवर जन्मतारीख 01-01-1950 आणि थोरल्या काकाच्या शाळेच्या दाखल्यावर 1952. म्हणजे कागदोपत्री आजी दोन वर्षांची असताना बाळंत झाली. गावात आधारचं शिबिर लागलं होतं, तिथल्या पोरानं विचारलं, "आजी, वय किती?" ही म्हणाली, "तूच बघ की माझ्याकडं." त्यानं बघितलं आणि टाकलं.

ह्याचा त्रास 2022ला कळला. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली. देवळातल्या सोबतिणी, त्यातल्या दोघी हिच्यापेक्षा लहान, फुकट गोंदवल्याला निघाल्या आणि ही अर्धं तिकीट फाडून. वर त्यांना सांगत होती, "मी अजून ल्हान हाय."

आता काकाचं म्हणणं, दिवाळीत सगळे जमतोय तर सहस्रचंद्रदर्शन उरकून टाकू. चुलतभाऊ म्हणतो आधारप्रमाणे ते 2030च्या शेवटाला बसतं. तोवर थांबायचं कुणी, चंद्रानं की आजीनं? गावच्या ग्रामपंचायतीत विचारून झालं, काही नाही.

तिला विचारलं तर असं उत्तर येतं: वडूजला गोळ्या झाडल्या तेव्हा धाकट्या भावाला कडेवर घेऊन रानात होते. लगीन झेंड्याच्या (म्हणजे स्वातंत्र्याच्या) आधी. कोयनेचा हादरा बसला तेव्हा उतरंड कोसळली, आत्या पाळण्यात होती आणि वरच्या गाडग्यातलं मीठ तिच्या दुपट्यावर सांडलं. बहात्तरला खडी फोडली, सुकडी खाल्ली, "त्या साली रोजच एकादस". पंढरीच्या वाऱ्यांवरून काही लागेल म्हणून विचारलं, किती झाल्या? म्हणे वाऱ्या मोजायच्या नसतात, मोजल्या की सरतात. झालं, हिशेबच संपला.

बाकी तब्येत ठणठणीत. पहाटे चारला उठते, गॅलरीत बसून हरिपाठ. खालच्या मजल्यावरच्यांनी एकदा तक्रार केली, आता तेच विचारतात आज आवाज नाही आला, बरंय ना? परवापर्यंत ग्रिलला धरून अर्धे-मुर्धे सूर्यनमस्कारही घालायची. शाळेची पायरी चढलेली नाही, सहीला अंगठा.

तर ह्यावरून अंदाज कसा बांधायचा? कुणी केलंय का असं?

नौपाड्याची_पंचांगवाली (ठाणे)

एकच विचारा त्यांना. लग्नानंतरचा पहिला धोंडा (अधिक महिन्यातलं जावयाचं जेवण) कधी झाला? बायका मुलांच्या जन्मतारखा विसरतील, पहिल्या धोंड्याचं जेवण विसरत नाहीत. माझ्या सासूबाईंना अनारसे किती फसले होते तेसुद्धा आठवायचं.

तीनटाकीकर

अहो कमाल आहे. विचारल्याबरोबर सुरू झाली. माहेरी धोंडा झाला त्या दिवशीच झेंडा लागला! महिना संपत आला तरी आजोबांना रानातून सवड होत नव्हती, शेवटी उद्या अवस म्हणताना पोचले. तेहेतीस अनारसे तिच्या आईनं मोजून दिले, वाटेत आजोबांनी चार खाल्ले आणि घरी एकोणतीसच पोचले. सासूनं माहेरच्यांचा उद्धार केला. आजोबा गप्प. आजीही गप्प. हे आज पहिल्यांदा बाहेर आलं, वडिलांनाही माहीत नव्हतं.

नौपाड्याची_पंचांगवाली (ठाणे)

मग झालं की काम! 1947ला अधिक श्रावण होता. 15 ऑगस्ट ही त्याच अधिकातली वद्य चतुर्दशी, दुसऱ्या दिवशी अमावास्या. आजी तंतोतंत बोलतायत.

अधिक महिना साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी येतो. हा त्यांचा पहिला धोंडा, म्हणजे लग्न आधीचा अधिक संपल्यानंतरचं. 1946 किंवा 47चा उन्हाळा धरा. आता लग्नात वय किती होतं ते काढा. "शहाणी कधी झालीस" हे नातवानं विचारू नये, आईला विचारायला सांगा.

आणि सहस्रचंद्रदर्शनाचं म्हणाल तर हजार पौर्णिमा म्हणजे 29,530 दिवस, एक्याऐंशीला जेमतेम दोन महिने कमी. आमच्याकडे एक्याऐंशीव्या वर्षात उरकतात. तुमच्या आजींचं कधीच होऊन गेलंय असं मला दिसतंय. केलंत म्हणून बिघडत काही नाही, चंद्र काय मोजत बसलेला नाही.

ऐरोली_सेक्टर_पाच

फुकटचा सल्ला: कार्यक्रम करा पण आधारला हात लावू नका. जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते, कागद लागतात, आणि मग बँक, रेशन, सगळीकडे तेच निस्तरत बसाल. एसटी आता 1950 धरूनही फुकटच आहे.

निवृत्त_तलाठी (घणसोली)

तीनटाकीकर, तुम्ही चुकीच्या गावात शोधताय. सासरच्या ग्रामपंचायतीत त्यांचा जन्म कसा सापडेल? माहेरच्या गावचं कोतवाल बुक बघा. गाव नमुना 14 म्हणतात त्याला, जन्म-मृत्यूची नोंद. जुनी बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. 2023मध्ये कुणबी नोंदींसाठी ही दप्तरं बाहेर काढली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी स्कॅनही झाली. मोडीत असेल तर वाचणारा गाठावा लागेल. आणि नाव शोधू नका. बारशाआधीच नोंद व्हायची, त्यामुळे बापाचं नाव आणि पुढे "मुलगी", एवढंच सापडतं. भावंडांत कितवी हे माहीत असलं तर जुळवता येतं.

दुसरं. आजी शाळेत गेल्या नाहीत म्हणता आणि सूर्यनमस्कार घालतात म्हणता. त्या वयाच्या, खेड्यातल्या बाईला हे शिकवलं कुणी? माहेर औंधाकडचं आहे का?

तीनटाकीकर

हो!! औंधाजवळचंच. यमाईच्या डोंगराच्या पायथ्यापासून तासाभराची चाल. तुम्हाला कसं कळलं?

निवृत्त_तलाठी (घणसोली)

नोकरीची काही वर्षं त्या भागात काढली. औंध तेव्हा संस्थान होतं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधींना सूर्यनमस्काराचं भारी वेड, शाळाशाळांतून घालून घ्यायचे. पोरींकडूनही. नमस्काराची नावं घेतात का त्या?

तीनटाकीकर

घेते. मित्राय, रवये, सूर्याय, भानवे, बारा नावं ओळीनं. एरवी "हुतं-नव्हतं" बोलणारी बाई, पण तेवढं अगदी मास्तरांसारखं स्वच्छ. आम्हाला वाटायचं कीर्तनात ऐकून पाठ झालं असेल.

निवृत्त_तलाठी (घणसोली)

मग त्या शाळेत बसल्यात. माहेरच्या शाळेचं जनरल रजिस्टर मागा. माहेरच्या नावानं.

तीनटाकीकर

उशिरा लिहितोय, माफी. दोन आठवडे गेले.

आधी आजीला धरलं. "शाळेत गेलीवतीस?" तर म्हणे, "बिगारीत (पहिलीच्या आधीच्या वर्गात) बसली हुते, त्याला शाळा म्हंत्यात व्हय?" दोन पावसाळे गेली, भाऊ कडेवर घेऊन. तो रडला की मास्तर बाहेर उभं करायचे, म्हणून अर्धी शाळा तिनं खिडकीतून ऐकली. नमस्कार मात्र अंगणातच व्हायचे, त्यामुळे ते पूर्ण शिकली. ग्रिलला धरून वाकते तेव्हा डावा हात कमरेशी का राहतो, हे मला आत्ता कळलं.

मामेभावाला शाळेत पाठवलं. मुख्याध्यापक भला माणूस, कपाटातनं रजिस्टर काढून फोटो पाठवू दिला. कडा वाळवीनं खाल्ल्यात पण ओळ शाबूत आहे. प्रवेश जून 1940. जन्मतारीख 1 जून 1933.

तलाठीकाका, 1 जून बघून तुम्ही हसणार हे माहीत आहे. आजीनंही सांगितलं, "मास्तरनं डोक्यावरनं हात उलटा कानाला लावाय लावला, लागला, म्हनला सातची हाय." म्हणजे हाही अंदाजच, आधारवाल्या पोरासारखा. पण वडूज 1942चं, तेव्हा नऊ. लग्नात तेरा-चौदा. काका झाला तेव्हा एकोणीस. सगळं बसतंय. पंचांगवाली ताई, तुमच्या हिशेबानं हजार चंद्र 2014लाच झाले.

काकाला हे सांगितलं तर तो म्हणे मग दिवाळीतच करू, मोठ्यानं करू, गूळतुलाही करू. आजी म्हणाली, "गुळानं तुला करायची असंल तर तो गूळ वारीत दिंडीला द्या, मला तागडीत बसवू नगा, मी काय कांद्याची गोण हाय?" वडील मार्केटात माथाडी होते, तीस वर्षं गोण्याच उचलल्या त्यांनी, ते एवढे हसले की ठसका लागला.

खरी गंमत पुढे. तो फोटो मोठा करून तिला ओळ वाचून दाखवत होतो. माहेरचं नाव ऐकून जरा थांबली, परत वाच म्हणाली. मग शेवटचा रकाना, "शाळा सोडल्याचे कारण". त्यात मास्तरांनी लिहिलंय, "सतत गैरहजर".

आजी दोन दिवस धुमसतेय. "खिडकीत हुते की रोज! बघाय नगं व्हतं त्यानं?" काल संध्याकाळी मला म्हणाली, ती शाळा अजून असंल तर एकदा घेऊन चल, तेवढं खोडून घ्यायचंय. एसटीनं जायचं म्हणते, आता तिकीट पडत नाही.