अज्ञान म्हणजे नुसतं ‘माहीत नसणं’ का?

महालकर: काल इथे एकाने लिहिलं, "श्रद्धा म्हणजे शुद्ध अज्ञान. शाळा काढा, आपोआप मिटेल." रात्रभर ते डोक्यातून जाईना. 21 सप्टेंबर 1995 आठवतो? गणपती दूध प्यायला तो दिवस. आमच्या देवळासमोरच्या रांगेत माझे फिजिक्सचे सर उभे होते. पृष्ठताण आम्हाला त्यांनीच शिकवला. चमचा सोंडेला टेकला की दूध ओढलं जातं आणि दगडावरून पातळ ओघळ उतरतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं? चांगलंच ठाऊक होतं. अज्ञानी माणसाचं डोकं रिकामं नसतं हो, तिथे आधीच काहीतरी ठाण मांडून बसलेलं असतं. बुद्धांनी दुःखाच्या कारणांची बारा कड्यांची साखळी सांगितली, तिच्यात पहिली कडी अविद्या, तीही मला अशीच समजली: चुकीचं दिसणं, आणि तेच खरं वाटणं.

शाळा आधी: ते वाक्य माझं, आणि मी ते मागे घेत नाही. मती, नीती, गती, वित्त सगळं गेल्याचं खापर जोतीरावांनी अविद्येवरच फोडलं आणि 1848 मध्ये मुलींची शाळा काढली. एका सरांवरून शिक्षणच मोडीत काढू नका.

इंदोरावाली: माझी आजी अंगठा उठवायची. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या, घरी येऊन देव्हाऱ्यातले टाक काढले, मरेपर्यंत परत मांडले नाहीत. कुठली शाळा?

शाळा आधी: ताई, आजींनी बाबासाहेबांवर विश्वास टाकला. तीही श्रद्धाच ना?

इंदोरावाली: जरा जपून बोला. ज्या देवाच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते, तो देव तिने जन्मभर पारखला होता. तुम्ही पुस्तकात वाचलं, तिने अंगावर सोसलं. त्याला आंधळं म्हणू नका.

भिवापुरी: तुमी लोक शहरात बसून बोलता. माह्या मामाले वावरात साप डसला. बुवानं मंतर मारला, कडुलिंबाचा पाला चारला. मामा आजबी वावरात जाते. हे काय अज्ञान हाय?

रात्रपाळी: भाऊ, मी सर्पदंशाचे पेशंट सांभाळते, म्हणून राहवत नाही. धामण, दिवड, कवड्या, तस्कर हे सगळे बिनविषारी. नाग, घोणससुद्धा दर वेळी विष सोडतातच असं नाही. बुवाकडे जे वाचतात, ते बहुतेक यातलेच. जे गेले, ते गावभर सांगायला उरत नाहीत.

भिवापुरी: अन् बुवाकडे काहून गेलो, हे इचारलं कोनी? आरोग्य केंद्राले कुलूप होतं. रात्री गाडी नाई. मामी रडून राह्यली होती. बुवा दारात आला, हातात हात घेतला. तुमचं इज्ञान तवा कुठं होतं?

शाळा आधी: म्हणून मंत्र खरा ठरतो का? असल्या भोळेपणानेच माणसं मरतात!

भिवापुरी: भोळा म्हनता? तुमच्या घरचं लेकरू पडलं असतं तर कुलपासमोर फिजिक्स वाचत बसले असते का?

महालकर: दोघेही थांबा. माझे सर मात्र कुलूप नसताना रांगेत होते, तेवढं विसरू नका.

शाळा आधी: बरं. कुलपाचं पटलं. शाळेइतकंच ते केंद्र उघडं हवं, हे मला आधी लिहायला हवं होतं. मंत्राचं पटलेलं नाही, पटणारही नाही.

भिवापुरी: मंतराचं राहू द्या. ताई, मन्यार चावली तर म्हने कळतच नाई. खरं हाय का?

रात्रपाळी: खरं आहे. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. ना फारशी सूज, ना दुखणं. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. खूण दिसो न दिसो, थेट मोठ्या दवाखान्यात न्या, कारण श्वास बंद पडतो. चिरा देऊ नका, करकचून बांधू नका, चालवू नका.

भिवापुरी: आमी तं समदे खालीच झोपतो.

रात्रपाळी: बाजेवर झोपा. मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा. आजपासूनच.