सर कडक होते, पण तेवढेच नव्हते

सरांबद्दल कुणीतरी लिहिलंय, ते फार कडक होते, उशीर केला की वर्गाचं दार बंद. खरंय. पण आम्ही दापोलीत त्यांचे शेजारी, म्हणून थोडी भर घालतो.

कोय कलम, म्हणजे आंब्याच्या कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर हव्या त्या जातीची काडी जोडणं, शिकावं तर सरांकडून. पावसाच्या सुरुवातीला, रोप तांबूस कोवळं असतानाच शेंडा छाटायचे, मधोमध चीर द्यायचे आणि तेवढ्याच जाडीची हापूसची काडी पाचरीसारखी तासून आत बसवायचे. "साल सालीला भिडली नाही तर नुसती पट्टी गुंडाळून काय उपयोग?" हे ठरलेलं वाक्य. 'रत्ना' आंब्यावर त्यांचा भारी जीव. नीलम आणि हापूसच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात काढलेली, 1981 साली आलेली ही जात. तिच्यात साका होत नाही, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा पडत नाही. तरी लोक हापूसच मागतात म्हणून सर वैतागायचे. (घरी स्वतः हापूसच खायचे, हे काकूंनी फोडलेलं गुपित!)

निवृत्तीनंतर काकूंचे गुडघे गेले आणि स्वयंपाकघर सरांनी ताब्यात घेतलं. हर्णैच्या मासळी बंदरावर जाऊन, कल्ले उघडून बघितल्याशिवाय बांगडा घ्यायचे नाहीत. मुंबईच्या लेकीला दरवर्षी पेटी जायची, गवतात आंबे स्वतः लावलेले आणि वर चिठ्ठी: कुठला थर आधी काढायचा, कुठला अजून चार दिवस झाकून ठेवायचा. जावयासाठी वेगळी सूचना असायची: फ्रीजमध्ये ठेवू नका.