शिक्षक दिनाला जि.प. शाळेतल्या गुरुजी-मॅडम आणि खिचडीवाल्या मावशींसाठी काय करावं? सल्ला हवाय

कोरेगावकर_पालक
नमस्कार मंडळी. आमच्या गावची जि.प. शाळा पहिली ते चौथी, पट तिसाच्या आसपास, शिक्षक दोनच (तालुका कोरेगाव, जि. सातारा). यंदा मला शाळा व्यवस्थापन समितीत घेतलंय आणि परवाच्या मीटिंगला 5 सप्टेंबरचा विषय निघाला. अध्यक्षांचं म्हणणं दरवर्षीसारखं शाल, श्रीफळ, फेटा आणि एखाद्या पाहुण्याचं भाषण. मला ते काही पटेना. शाळेला शिपाई नाही की क्लार्क नाही, कुलूप उघडण्यापासून यू-डायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाईन नोंदीची) माहिती भरण्यापर्यंत सगळं हेच दोघं करतात, त्यात सर बीएलओ पण आहेत (मतदार याद्यांचं काम), ते कुठं मीटिंगला गेले की मॅडम चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसतात आणि तरी तिसरीतली पोरं धडाधडा वाचतात. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींचं तर नावच कुणी काढत नाही. वर्गणीतून चार-पाच हजार जमतील असा अंदाज आहे. काय द्यावं, काय देऊ नये? कुणी वेगळं काही केलं असेल तर सांगा.

खडूफळा
मी स्वतः जि.प. शिक्षक, जिल्हा दुसरा. महागडं काही देऊ नका, आम्हाला वर्तणूक नियम लागू आहेत, आणि पैशाचं पाकीट तर अजिबातच नको, त्याने उगाच आमची पंचाईत होते. मोमेंटोंनी आमचं एक कपाट भरलंय, आता नवीन आलं की जुनं मागे सरकवतो.
त्यापेक्षा पत्र लिहा. "आपण उत्तम कार्य करत आहात" छापाचं नको. पोरगं पहिलीत तोंडच उघडत नव्हतं आणि दिवाळीनंतर परिपाठाला दिनविशेष सांगायला लागलं, असं जे खरंच घडलंय ते लिहा. समितीचा ठराव करा आणि प्रत केंद्रप्रमुख नि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. वर जातात ते कायम तक्रारअर्जच हो, चांगलं कुणी कळवतच नाही.
अजून एक, राग मानू नका. 2009 च्या कायद्याने समितीत 75 टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात, पण आमच्याकडे मीटिंगला येतात तिघं-चौघं, बाकीच्यांच्या सह्यांसाठी रजिस्टर घरोघर फिरतं. मीटिंगला नुसते आलात तरी निम्मा सत्कार झाला समजा.

पाटावरवंटा
माझी आई अशीच एका शाळेत शिजवते म्हणून लिहितेय. मानधन महिन्याला अडीच हजार, ते पण वर्षातले दहा महिने, आणि तेही वेळेवर येईल याची खात्री नाही. आधी तर पंधराशे होतं. तांदूळ निवडणं, शिजवणं, वाढणं, शेवटी भांडी घासणं सगळं तिच्याकडेच. तिच्या शाळेत मागं शिक्षक दिनाचा मोठा सत्कार झाला, मांडव, माईक, सगळं. चहा कुणी केला? आईनेच. स्टेजवरच्यांचे कप गोळा करत होती आणि माईकवर "शाळेच्या सर्व घटकांचे आभार" चाललेलं.
त्यामुळे त्या दिवशी मावशींना काम लावू नका, ही पहिली अट. आणि काही द्यायचंच तर त्यांच्या घरी वापरता येईल असं द्या. शाळेच्या किचनसाठी मोठं पातेलं आणून ते मावशींच्या हातात ठेवून फोटो काढतात, त्याला भेट म्हणत नाहीत. काय हवंय ते सरळ विचारा. आईला विचारलं असतं तर तिने कुकर मागितला असता, मिळाली साडी, ती पण पुढं कुणाच्या तरी लग्नात आहेरात गेली 😀

बांधावरचा_गडी
वर्गणीचं जरा जपून. कुणी किती दिले ते माईकवर वाचायची पद्धत आहे ना, ती बंद करा आधी. ज्याला पन्नास पण जड जातात तो मग कार्यक्रमालाच येत नाही आणि त्याची बायको पण येत नाही. डबा ठेवा, ज्याला जमेल तो टाकेल, नाव नाही गाव नाही.
बाकी फेट्याला माझा विरोध नाही. गावात फेटा नाही बांधला तर गुरुजींवर खार खाऊन आहेत की काय असं लोकं म्हणतात, ते पण बघायला लागतं.

कोथरूडची_आई
आमची पुण्यात खाजगी शाळा, तिकडे सगळं क्लास ग्रुपवर ठरतं आणि दरवर्षी प्रत्येक टीचरला एकसारखा मग. मागच्या वर्षी आम्ही दोघीतिघींनी बसमधल्या ताई आणि गेटवरच्या काकांसाठी मुलांकडून चित्रं काढून घेतली, नावासकट. काकांचं आडनाव कुणालाच माहीत नव्हतं, विचारत फिरावं लागलं.

कोरेगावकर_पालक
सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. फेटा राहील (अध्यक्षांपुढे माझं तेवढं चालत नाही), पाहुणा कटाप, पत्रं आणि ठराव नक्की. वर्गणीचा डबाच. मावशींना विचारलं तर आधी नको नको म्हणाल्या, मग हळूच म्हणाल्या गॅसची शेगडी गळतीये घरची. म्हणजे शेगडी फिक्स. आता त्या दिवशीचा स्वयंपाक आम्ही पालकांनी केला तर चालतं का? मावशींना पोरांच्या पंगतीत बसवायचा विचार आहे.

खडूफळा
चालतं की, योजनेत तिथीभोजनाची सोय आहेच, लोक पोरांच्या वाढदिवसाला देतात तसं. फक्त मुख्याध्यापकांचा चार्ज ज्यांच्याकडे असेल त्यांना आधी सांगा, वाढायच्या आधी शिक्षकांनी चव घेऊन रजिस्टरला नोंद करायची ते चुकवू नका. बाहेरून आयती मिठाई आणू नका, पोटं बिघडली तर निस्तरायला आम्हीच.

पाटावरवंटा
आणि भांडी पण तुम्हीच घासायची बरं का, नाहीतर मावशी जेवून उठल्या की पदर खोचून बसतील घासायला.

बांधावरचा_गडी
पुऱ्यांच्या नादी लागू नका, तीस पोरं आणि वर गाव, तळत बसाल दुपारपर्यंत. मसालेभात आणि शिरा करा, सुटसुटीत.