पोर्ट दिला तरी अक्षरांचं काय?

नव्या गेम कन्सोलला (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राला) जुना टीव्ही जोडता येत नाही, तेव्हा "एक एव्ही पोर्ट (जुन्या टीव्हीची केबल लावायची जागा) ठेवायला कंपनीचं काय जातं?" असं काही जण विचारतात. हा मुद्दा मला पटत नाही. नुसता पोर्ट देऊन भागत नाही, खेळ त्या पडद्यावर वाचताही यायला हवा. २००६ साली एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर 'डेड रायझिंग' हा खेळ आला तेव्हा जुन्या टीव्हीवाल्यांनी अक्षरं वाचताच येत नाहीत म्हणून ओरड केली होती, आणि त्या कन्सोलला तर एव्ही केबल जोडता येत होती! जुन्या टीव्हीला चित्राच्या रेषा ४८० नाहीतर ५७६, मजकूर मात्र एचडी पडद्याच्या हिशोबाने आखलेला.

म्हणून २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन फक्त एचडीएमआय (नव्या टीव्हीची डिजिटल जोडणी) घेऊन आले, याचं मला फारसं वाईट वाटत नाही. राग येतो तो अक्षरं मोठी करायची सोय न देणाऱ्यांचा. प्लेस्टेशन ४ मी एचडीएमआयचं एव्ही करणारा कन्व्हर्टर लावून ट्यूबच्या टीव्हीवर चालवलाय (सेटिंगमध्ये एचडीसीपी, म्हणजे चित्राची नक्कल रोखणारं कुलूप, बंद करा, नाहीतर काही कन्व्हर्टर काळा पडदाच दाखवतात). चित्र झकास येतं, अंधारातली दृश्यं तर फारच. पण नकाशावरची नावं म्हणजे नुसते पांढरे ठिपके, आणि उरलेल्या गोळ्या ३ की ८ तेही कळत नाही. अक्षरांचा आकार बदलायचा पर्याय प्रत्येक खेळात असायलाच हवा. नवा टीव्ही लांबून बघणाऱ्यांनाही तो लागतोच.