पँथर-टायगर रद्द करून नुसते पँझर फोरच काढले असते तर?

टाईमलाईनवाला
नमस्कार मंडळी, जर्मन रणगाड्यांवर एक 'असं झालं असतं तर' टाईप टाईमलाईन लिहायला घेतलीय. ई-५०, ई-७५ वगैरे कागदावरचे टँक मला नकोयत. तसल्या कथांमधे दर वेळी १९४६ उजाडतं आणि कुठूनतरी ई-१०० येऊन रशियनांना पळवून लावतो, वाचून कंटाळा आलाय राव. मला खरंच घडू शकलं असतं असं एखादं वळण पाहिजे.

माझी आयडिया अशी. ऑक्टोबर १९४१ मधे रशियात म्त्सेन्स्कजवळ जर्मन जनरल गुडेरियानच्या टँकना रशियन टी-३४ टँकनी झोडपलं, मग नोव्हेंबरमधे एक कमिटी फ्रंटवर टी-३४ बघायला गेली, इथवर सगळं खरं. माझ्या टाईमलाईनमधे ही कमिटी परत येऊन सांगते की नवीन टँकच्या नादी लागायला वेळ नाही, पँथर नको, टायगर नको, सगळे कारखाने आधीपासून चालू असलेल्या पँझर फोर टँकला आणि स्टुग थ्रीला (फिरता बुरूज नसलेली, टँकसारखी तोफगाडी) लावा, लांब नळीची ७५ मिमी तोफ बसवा आणि काढत सुटा. प्रत्यक्षात पँथर ६,००० च्या आसपास निघाले आणि टायगर वन साधारण १,३५०. किमतीचे जे आकडे नेहमी देतात ते म्हणजे पँझर फोर १ लाख ३ हजार राईशमार्क, पँथर १ लाख १७ हजार, टायगर अडीच लाख. म्हणजे १९४३ च्या कुर्स्कच्या मोठ्या लढाईला जर्मनांकडे बरेच जास्त टँक असते ना? कुठे फसतंय ते सांगा, दोनच भाग लिहून झालेत त्यामुळे अजून बदलता येईल.

गिअरबॉक्स
तुझं गणित तुझ्याच आकड्यांत फसतंय बघ. ६,००० पँथरच्या पैशात पँझर फोर किती येतील? ६,८०० च्या आसपास. म्हणजे अख्ख्या युद्धात ८०० टँक जास्त, तेही पँथरची तोफ आणि पुढचं चिलखत घालवून. टायगरचे पैसे धरले तर अजून तीनेक हजार येतील, पण टायगरचं काम मे १९४१ मधेच, म्हणजे रशियावर हल्ला व्हायच्या आधीच सुरू झालं होतं, टी-३४ बघून आलेली कमिटी ते कशाला थांबवेल.

दुसरं म्हणजे पँझर फोरची चासी १९४४ पर्यंत पार थकली होती. हलच्या (गाडीच्या धडाच्या) पुढे ८० मिमी चिलखत आलं पण टरेटचं (वरच्या फिरत्या बुरुजाचं) तोंड शेवटपर्यंत ५० मिमीच राहिलं, कारण अजून वजन टाकायला जागाच नव्हती. पँथरची जास्त लांब नळीची एल/७० तोफ त्या टरेटमधे मावत नव्हती, म्हणून टरेट काढून यागडपँझर फोरवर ती बसवली तर सगळा भार पुढच्या चाकांवर गेला आणि त्यांचं रबर टिकेना, शेवटी तिथे लोखंडी चाकं लावावी लागली. आणि १९४४ चं 'जे' मॉडेल बघ, टरेट फिरवायची मोटर काढून टाकली आणि त्या जागी जास्तीची इंधनटाकी घातली. गनर हाताने चाक फिरवतोय, गाडी जरा उतारावर तिरकी उभी असली की टरेट फिरता फिरत नाही. हा टँक तू १९४५ पर्यंत एकट्याच्या जिवावर ओढणार?

वळणच पाहिजे असेल तर पँथर ठेव आणि त्याचा फायनल ड्राईव्ह (इंजिनाचा जोर शेवटी पट्ट्याच्या चाकाला देणारा गिअर) बदल. मूळ विचार प्लॅनेटरी गिअरचा होता. पण त्यासाठी आतून दाते कापलेल्या रिंगा लागतात आणि त्या कापायच्या मशीनी पुरेशा नव्हत्या, म्हणून साधे सरळ दात्यांचे गिअर बसवले. ३० टनांच्या वर्गातला टँक म्हणून सुरू झालेलं प्रकरण, हिटलरने पुढचं चिलखत ६० चं ८० मिमी करायला लावलं, असं करत करत ४५ टनांवर गेलं. आता ७०० हॉर्सपॉवरचं इंजिन, ४५ टन वजन, गाडी चिखलात रुतलीय आणि ड्रायव्हर रिव्हर्स टाकून जोर लावतोय, तो सगळा भार एका वेळी गिअरच्या मोजक्या दात्यांवर येतो, एक दाता उडाला की त्याचा तुकडा पुढच्या दात्यांत जातो आणि आख्खं हाऊसिंग गेलं. युद्धानंतर फ्रेंचांनी हेच पँथर वापरले, त्यांच्या १९४७ च्या रिपोर्टमधे फायनल ड्राईव्हचं आयुष्य सरासरी १५० किलोमीटर दिलंय. दीडशे! रेल्वेतून उतरवून फ्रंटला न्यायचं आणि थोडं इकडेतिकडे केलं की संपलं. १९४२ मधे गिअर कापायच्या मशीनींना प्राधान्य मिळालं असतं तर, ही माझ्या मते सगळ्यात खरी वाटणारी 'जर-तर' आहे. कथेत थरार कमी येईल, ते तू बघ.

कोळसा_ते_पेट्रोल
गिअर, टरेट सगळं ठीक पण टाकीत काय ओतणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. कोळशापासून बनणारं कृत्रिम पेट्रोल आणि रुमानियातलं प्लोएश्टीचं तेल, ह्या दोन गोष्टींवर सगळा डोलारा उभा होता. १२ मे १९४४ ला अमेरिकन बॉम्बर लोयना आणि बाकीच्या इंधन कारखान्यांवर आले, ऑगस्टच्या शेवटी प्लोएश्टी रशियनांच्या हातात गेलं. त्यानंतर तुझ्याकडे ८०० टँक जास्त आहेत का ८,००० याने काय फरक पडतो? आणि जास्त टँक म्हणजे जास्त क्रू, त्यांच्या ट्रेनिंगला परत पेट्रोल. प्रत्यक्षात ड्रायव्हरच्या ट्रेनिंगमधेच इंधनाची काटकसर चालू होती, मग वर गिअरबॉक्सने लिहिलंय तसा नवशिका पोरगा रिव्हर्समधे जोर लावतो आणि दाते उडतात. ह्या दोन वेगळ्या अडचणी नाहीतच.

टाईमलाईनवाला
बाप रे, पार धुतलंत. बरं मग डायमलर-बेंझचा पँथर घेतला तर? तो बऱ्यापैकी टी-३४ सारखा होता ना, डिझेल इंजिन, गिअरबॉक्स मागे. हिटलरला पण आधी तोच आवडला होता. मे १९४२ मधे मान (MAN) कंपनीचं डिझाईन निवडलं त्याऐवजी हे निवडलं असतं तर पेट्रोलचा प्रश्न थोडा तरी सुटतो की नाही?

कोळसा_ते_पेट्रोल
सुटत नाही, उलट वाढतो. कोळशापासून निघायचं ते मुख्यतः पेट्रोल, आणि डिझेल नौदलाच्या पाणबुड्या गिळत होत्या. आर्मीसाठी वेगळा साठा, वेगळे टँकर कोण उभे करणार.

गिअरबॉक्स
शिवाय डायमलरच्या गाडीत टरेट खूप पुढे होतं आणि टरेट रिंग लहान, राईनमेटाल कंपनीचं तयार टरेट त्यावर बसत नव्हतं. मानचं डिझाईन घेतलं की ते टरेट लगेच मिळत होतं आणि १९४३ च्या उन्हाळ्याआधी टँक हातात पाहिजे होते. त्या घाईत मान निवडलं हे मला तरी बरोबर वाटतं. घाईचे परिणाम भोगले ते वेगळं, कुर्स्कला २०० पँथर नेले, पाण्यातून जाता यावं म्हणून इंजिनची खोली अशी बंद केली होती की गरम हवा बाहेर पडेना, त्यात इंधनाची गळती, काही गाड्या शत्रू दिसायच्या आधीच पेटल्या आणि काही दिवसांत चालत्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. पण डायमलरच्या गाडीलाही हेच सुरुवातीचे दोष निघालेच असते, वर ती उशिरा आली असती.

नीपरपार
मला ह्या सगळ्या टाईमलाईनमधे एक गोष्ट कळत नाही, जर्मन काहीही बदलतात आणि रशियन मात्र तेच करत बसतात जे खऱ्या इतिहासात केलं, असं कसं? टी-३४ ला ८५ मिमी तोफ १९४४ च्या सुरुवातीला आली ती टायगर-पँथर समोर आले म्हणून. त्याआधी टी-४३ नावाचा जास्त चिलखताचा टँक बनवून बघितला, मग लक्षात आलं की अडचण चिलखताची नाही, तोफेची आहे, आणि तो सोडून दिला. आता तू टायगर-पँथर काढलेस तर रशियनांना घाई करायचं कारणच राहत नाही, जुनी ७६ मिमी तोफ पँझर फोरच्या ५० मिमी टरेटला पुरून उरते, मग फॅक्टरीत काही न बदलता ते तेच मॉडेल अजून भराभर काढतील. ५०,००० च्या वर टी-३४ तसेही काढलेच त्यांनी. म्हणजे आकड्यांच्या शर्यतीत उतरायचं आणि तेही ह्यांच्याशी.

फक्तवाचक
एक राहतंय. जास्त टँक बनवणार कोण? पँझर फोरचा सगळ्यात मोठा कारखाना ऑस्ट्रियात सांक्ट व्हॅलेंटीनला, निबेलुंगनवर्क, तिथे १९४४ मधे माउटहाउजेन छळछावणीची उपछावणीच काढली होती आणि कैदी कामाला लावले होते. टाईमलाईनमधे 'उत्पादन दुप्पट' असं एका ओळीत लिहून मोकळं होता येतं, प्रत्यक्षात त्या ओळीचा अर्थ अजून छावण्या असा होतो. तेवढं तरी कथेत येऊ दे, नाहीतर ते नुसतं कॅटलॉग होतं.

टाईमलाईनवाला
हा मुद्दा घेतो, नक्की. निबेलुंगनवर्कवर एक आख्खा भाग होईल. पण मग वळण कोणतं घेऊ? तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्याकडे काहीच ठेवलं नाही.

नीपरपार
उलटं कर की. १९४३ च्या सुरुवातीला जनरल स्टाफकडून खरोखर प्रस्ताव आला होता की पँझर फोर बंद करा आणि फक्त टायगर आणि पँथर बनवा. तेव्हा पँथर नीट चालत नव्हता आणि टायगर महिन्याला २५ निघत होते. गुडेरियानने नंतर लिहिलंय की हे झालं असतं तर जर्मन सैन्य महिन्याला त्या २५ टायगरवर आलं असतं. मार्चमधे तो पँझर दलाचा इन्स्पेक्टर जनरल झाला आणि पँझर फोर टिकला. तुझ्या टाईमलाईनमधे हिटलर त्याला परत बोलावतच नाही, १९४१ च्या डिसेंबरपासून घरी बसवलेला तो तसाच घरी राहतो, प्रस्ताव पास होतो. ह्याला कुठलीही नवीन मशीन लागत नाही, नुसती एक सही लागते.

गिअरबॉक्स
हे जमतंय. आणि ह्यात स्टुग थ्री चालूच राहतो, तो पँझर दलाचा नव्हताच, तोफखान्याचा होता. ९ मार्च १९४३ च्या बैठकीत गुडेरियानने स्टुग मागितले तर तोफखानावाल्यांनी कडाडून विरोध केला आणि त्याच्या हाती फक्त जड प्रकार लागले. आता हा माणूसच नाही म्हटल्यावर १९४३ च्या उन्हाळ्यात पँझर डिव्हिजन रिकाम्या आणि तोफखान्याकडे शेकडो स्टुग, वर पँथर वर्कशॉपमधे. कोणाचे स्टुग कोणाला द्यायचे यावर बर्लिनमधे जी भांडणं होतील ना, तो भाग मला पहिल्यांदा वाचायचाय.

टाईमलाईनवाला
मिळालं! पण कुर्स्क होतं का मग? एवढे कमी टँक असताना हल्ला करायचं हिटलरच्या गळी कोण उतरवणार.

नीपरपार
तिथे तर पँथर येईपर्यंत थांबून थांबूनच खरं कुर्स्क जुलैपर्यंत लांबलं होतं. तुझ्यात बहुतेक होणारच नाही. मग रशियन उन्हाळ्यात आधी हल्ला करतात, पहिला घाव ओरेलवर पडतो का खारकोव्हवर ते तू ठरव.